चार चिठ्ठ्यांचा तांब्या

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मी कबूल केलं होतं. म्हणून निदान नावं तरी लिहीत नाही.

एका गावात एक वृद्ध शिक्षक निवृत्तीनंतर प्रोग्रॅमिंग शिकवत असत. त्यांच्या एका शिष्येला पहिलंच मोठं काम मिळालं. गावातल्या एका व्यापाऱ्याकडे लहान बाळांच्या लशींचा साठा असे. चार शीतखोल्या, प्रत्येकीत सहा फळ्या, आणि प्रत्येक फळीवरच्या तापमापकाचा आकडा दर तासाला आपोआप संगणकात येई. खोली, फळी आणि तास सांगितला की नेमकं तापमान समोर यावं, असा त्रिमितीय अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांचा तीनपदरी तक्ता, तिने रचला. एका खोलीचा कोरा तक्ता केला आणि पुढे लिहिलं, हाच चार वेळा.

त्या दिवशी दुपारी लशी पाड्यांवर जायच्या होत्या. गाडी दारात उभी होती. पडद्यावर चारही खोल्यांत चार अंशांच्या आसपासचे आकडे होते.

"वा!" व्यापारी म्हणाला, "पोरीने डोक्याचा ताप घालवला. भरा रे गाडी!"

शिक्षक मात्र पडद्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "शेठ, गाडी जरा थांबवा. आणि मला एक तांब्याभर पाणी, दोरा आणि थोडं मीठ द्या."

त्यांनी तांब्याच्या गळ्याला एक ते चार आकड्यांच्या चिठ्ठ्या बांधल्या आणि शिष्येला म्हणाले, "पहिल्या तांब्यात मीठ टाक."

तिने गोंधळून टाकलं.

"आता चौथ्यातलं पाणी पिऊन बघ."

तिचं तोंड वाकडं झालं. "खारट आहे, सर."

"चौथ्यात मीठ कुणी टाकलं?"

व्यापाऱ्याला हसू आवरेना. "अहो गुरुजी, ऊन लागलं का तुम्हाला? तांब्या एकच आहे. चिठ्ठ्या चार बांधल्या म्हणून काय चार तांबे होतात?"

शिष्या हसली नाही. तिचा चेहरा उतरला.

"बाळ," शिक्षक म्हणाले, "संगणकाने तुझी आज्ञा तंतोतंत पाळली. तक्ता तू एकच केलास आणि त्याला चार नावं दिलीस. पहिल्या खोलीच्या आकड्यावर दुसरीचा बसला, त्यावर तिसरीचा. अखेर चौथीचा उरला आणि चारही ठिकाणी तोच दिसला. दशांशापर्यंत सगळं जुळतंय, हे नजरेतून सुटलं कसं?"

"सुटलं नव्हतं, सर," ती हळूच म्हणाली. "दिसलं होतं. मला ते सुबक वाटलं."

ते रागावले नाहीत. "मग पहिल्या तीन खोल्यांचं तापमान किती?"

"माहीत नाही."

"हं. आता कामाला खरी सुरुवात झाली."

ती उठली आणि एकेक खोली स्वतः उघडून पाहू लागली. तिसऱ्या खोलीच्या दाराचं रबर फाटलं होतं. आतल्या तापमापकावर तेरा अंश होते. व्यापाऱ्याचं हसू मावळलं. "तिसरीतली एकही पेटी हलवू नका रे!" तो ओरडला.

तिने प्रत्येक खोलीसाठी नवा, वेगळा तक्ता करून घेतला. पडद्यावर आता चार, पाच, तेरा, चार असे वेडेवाकडे आकडे आले. तिसरीतल्या पेट्या मागे ठेवून गाडी तासभर उशिरा निघाली. ती धुळीत दिसेनाशी होईपर्यंत शिष्या दारात उभी होती.

तेव्हापासून सगळे आकडे फारच छान जुळले, की ती खुर्चीवरून उठते, खोलीचं दार स्वतः उघडते आणि— बघा, तिचीच हाक आली. आले गं ताई, आले!