खाणीच्या वळणावर

"विसरलात ना मला?"

मुजावर सर अजून दहा पावलं लांब होते, तेवढ्यात कुलथ्यांनी विचारलं. सकाळपासून तोंडात घोळत असलेला प्रश्न, बाहेर पडायला कितीसा वेळ लागणार?

सर लंगडत जवळ आले. गुडघ्यावर हात टेकून त्यांनी दम घेतला.

"हो," म्हणाले. "विसरलो."

आता बोला! माणसानं निदान एखादी सबब तरी सांगावी. सबब असली की भांडता येतं. 'हो' म्हटल्यावर काय भांडणार, कपाळ?

दर शनिवारी सकाळी साडेसहाला तळ्याभोवती पाच किलोमीटरची धाव असे. फी नाही, बक्षीस नाही. पळायचं त्यानं पळावं, चालायचं त्यानं चालावं. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या मुजावर सरांनी हे चालू केलं होतं. वाटेतल्या प्रत्येक वळणावर केशरी जॅकेट घातलेला एकेक स्वयंसेवक उभा राही. कुलथे तळ्याच्या पार पलीकडे, खाणीच्या वळणावर. तिथून एक वाट तळ्याकडे वळते, दुसरी सरळ खाणीत जाते. येणाऱ्याला हात करून तळ्याची वाट दाखवायची, एवढंच काम.

सगळ्यांच्या मागून सदा चालत यायचा. त्याच्या मागे कुणी नसे. तो वळणावर येऊन "संपलं" म्हणाला, की तिथल्या माणसानं त्याच्याबरोबर परत निघायचं, अशी रीत.

आज सदा आलाच नव्हता.

"एका बाईंचा पाय मुरगळला," सर सांगू लागले. "सगळ्यात मागे त्याच होत्या. अजून पहिल्या वळणाच्याही अलीकडेच. सदा त्यांना घेऊन तिथूनच मागे फिरला. बाकीच्या वळणांवरचे आपणहून परतले. मग सगळ्यांनी चहा घेतला, उप्पीट खाल्लं, गेले आपापल्या घरी."

"आणि मी?"

"घरी जाऊन जॅकेटं मोजली. एक कमी भरलं."

कुलथ्यांची कानशिलं तापली.

"म्हणजे जॅकेट आठवलं! माणूस नाही, जॅकेट!"

सरांनी कपाळावरचा घाम पुसला.

कुलथे म्हणजे नायब तहसीलदार होते हो एकेकाळी. कचेरीत पाऊल टाकलं की खुर्च्या सरकायच्या. आता खुर्च्याही नाहीत आणि सरकवणारेही नाहीत. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगी भोपाळला. घरात दिवसाकाठी आवाज काय, तर कुकरची शिट्टी. शनिवारी मात्र शंभर माणसं समोरून जायची. थांबत कुणी नसे, पण जायची तरी! तेवढ्यासाठी हा माणूस शनिवारी पाचला उठून गुळगुळीत दाढी करायचा.

"सव्वासहापासून उभा आहे," कुलथे म्हणाले. "पाण्याचा थेंब नाही पोटात."

"फोन नव्हता?"

"आहे की. खिशात आहे."

"मग?"

"मी का करायचा? मीच सांगायचं का, की अहो, मी इथं आहे म्हणून?"

सरांनी मान हलवली. "बरं. निघून यायचं. वाट पायाखालची आहे तुमच्या."

"निरोप आल्याशिवाय जागा सोडायची सवय नाही मला."

"कुलथे, साडेआठच्या पुढे इथून कुणी जात नाही. आता पावणेअकरा झाले... तुम्हाला कळलं नाही?"

कुलथे तळ्याकडे बघत राहिले. एक बगळा उडाला, पलीकडच्या काठाला जाऊन बसला.

"कळलं होतं," शेवटी ते म्हणाले.

"मग?"

"बघत होतो... कुणी येतंय का."

बोलून गेले आणि त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. साठी ओलांडलेल्या माणसानं रुसावं, तेही भर उन्हात, आणि ते असं कबूल करावं! त्यांनी घाईघाईनं जॅकेट काढलं आणि सरांच्या हातात कोंबलं.

"हे घ्या तुमचं जॅकेट. मोजून घ्या. पुढच्या शनिवारी मी येणार नाही."

सांगून तर टाकलं. आता शनिवारही बाकीच्या सहा दिवसांसारखाच जाणार, हे त्यांना तिथेच उभ्याउभ्या कळलं.

सरांनी जॅकेट झटकलं. घडी घालतील असं वाटलं, तर ते त्यांनी अंगात घातलं. चांगलं ढगळ होत होतं. मग कुलथे उभे होते बरोबर तिथेच जाऊन उभे राहिले आणि तळ्याच्या वाटेकडे हात केला.

"हे काय आता?"

"तुम्ही निघा. ऊन झालंय."

"आणि तुम्ही?"

"मी थांबतो."

"अहो, कुणासाठी? चिटपाखरू नाही इथं!"

सरांचा हात तसाच.

"थांबा मग!" कुलथे म्हणाले आणि तरातरा निघाले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, दुसरं काय!

या वाटेनं ते दर शनिवारी जायचे, पण सदाबरोबर. सदा अखंड बडबडायचा, म्हशीचं दूध, मेव्हण्याचं लग्न, काय वाटेल ते. कुलथे 'हूं' सुद्धा म्हणायचे नाहीत. आज त्यांच्या स्वतःच्या चपलांचाच आवाज येत होता आणि तो काही केल्या सहन होईना.

वाटेतल्या पंपघरापाशी त्यांनी मागे वळून पाहिलं.

लांब, वळणावर, केशरी ठिपका. हात केलेलाच.

येतील की, कुलथे मनाशी म्हणाले. पंपघराच्या सावलीत टेकले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. सर काही हलेनात. दुखरा गुडघा सांभाळत, एका पायावर भार टाकून ते उभे असावेत, इतक्या लांबून नीट दिसत नव्हतं.

त्यांना न्यायला कोण येणार? सदा घरी गेलेला, बाकीचे घरी गेलेले. सर तिथं उभे आहेत हे साऱ्या गावात एकट्या कुलथ्यांना ठाऊक होतं.

"च्यायला!" कुलथे उठले.

पहिल्यांदा चालले. मग भरभर चालले. शेवटी तर, कुणी बघत नाही म्हणून असेल, चक्क पळाले, आणि वळणावर उभं राहायला लागल्यापासूनच्या चौदा महिन्यांत या वाटेवर ते पहिल्यांदाच पळत होते.

वळणावर पोचले तेव्हा छाती भात्यासारखी वरखाली होत होती. सरांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कुलथ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी घामाबरोबर पुसून घेतलं.

"सर..." ते म्हणाले. "संपलं. चला."

सरांनी हात खाली घेतला. अवघडलेला खांदा दोनदा चोळला.

"किती वेळ लावलात हो, कुलथे!"