सगुणाचे पन्नास कोसे

ऐनाच्या झाडांच्या हिरव्यागार बनाला टेकून एक वस्ती होती. वस्तीच्या अगदी टोकाला एक बुटकी झोपडी, आणि झोपडीत दोघीच राहायच्या, सात वर्षांची सगुणा आणि तिची माय. बाप तापात गेला होता. घरात तांदूळ असले तर भात, नसले तर पातळ पेज, आणि पेजही नसली तर माय म्हणायची, "आज मला भूकच नाही बघ." सगुणाला ते खरं वाटायचं का? छे. पण तीही म्हणायची, "मलापण नाही."

या वस्तीतली माणसं कोसा पाळायची. आता कोसा म्हणजे काय ते ऐका, मधे मधे बोलू नका. ऐनाच्या पानांवर हिरव्या, गुबगुबीत अळ्या वाढतात. पोट भरलं की तोंडातून रेशमाचा धागा काढून स्वतःभोवतीच एक टणक, पिवळसर घर विणतात. ते घर म्हणजे कोसा. तो उकळला की धागा सुटतो आणि धागा विकता येतो. पण सगळेच उकळले तर पुढे काय? म्हणून थोडे कोसे बियाण्यासाठी माळ करून टांगायचे. त्यांतून पाखरं निघतात, अंडी घालतात, अंड्यांतून पुन्हा अळ्या.

सगुणाच्या घरी बियाण्याचे पन्नास कोसे होते. शेजाऱ्यांनी आपापल्या माळा पडवीत टांगल्या. सगुणाला मात्र दया आली. "बिचाऱ्यांना आत किती उकडत असेल," असं म्हणून तिने आपली माळ घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, पाण्याच्या रांजणावर टांगली. झालं! शेजाऱ्यांची पाखरं निघून आठ दिवस झाले, आणि सगुणाच्या माळेतून एकही नाही.

"मेली असतील गं आत," एका सकाळी माय म्हणाली. "संध्याकाळी उकळून टाकते. थोडा धागा तरी हाती लागेल."

"आणि जिवंत असली तर?"

"न हलतात, न खातात. जिवंत कशावरून?"

उकळत्या पाण्यात पाखरंही जाणार आणि पुढचं सगळं पीकही जाणार, एवढं सगुणाला कळत होतं. तिने माळेतला एक कोसा सोडवला, ओच्यात घेतला आणि उत्तर शोधायला थेट बन गाठलं.

बनात पिवळं पिवळं ऊन सांडलं होतं. वाटेत एक इवलीशी अळी पडलेली, आणि तिला लाल मुंग्यांनी घेरलेलं. सगुणाला घाई होती, पण ती बसली. एकेक मुंगी फुंकून उडवली, अळीला अलगद उचलून पानावर ठेवलं. तशी त्या पानामागून बोटभर उंचीची एक परी बाहेर आली. हळदीच्या रंगाची, आणि चार पंखांवर चार चिमुकले, लखलखते आरसे.

"तुला तर घाई होती ना?" परीने विचारलं.

"हो. पण तिला मुंग्या चावत होत्या."

परी हसली. "मग तीन गोष्टी माग. पण माझे नियम आधी ऐक. मी कुणात जीव घालत नाही, कुणाचा काढत नाही, आणि जिवाला घाईही करत नाही. प्रश्नाचं उत्तर सांगत नाही, ते तुझं तू शोधायचं. बाकी काहीही माग."

दुसरं कुणी असतं तर लाडू मागितले असते. मी तर नक्कीच. सगुणाने कोसा पुढे धरला. "यात जीव आहे का?"

"बघ, लगेच उत्तर मागितलंस. आधी मला सांग, जिवंत म्हणजे काय?"

"जे हलतं, खातं आणि वाढतं ते."

"मग चुलीतला जाळ? तोही हलतो, लाकडं खातो, वाढतो."

सगुणा डोकं खाजवू लागली. "त्याला पिल्लंपण होतात," ती स्वतःशीच म्हणाली. "आमच्या जाळावरून काकू त्यांची चूल पेटवतात. पण जाळ जिवंत नसतो. का नसतो?" मग तिचे डोळे चमकले. "परीताई, मला जिवंत वस्तूच्या आत जाऊन बघायचंय."

परीने पंख हलवले आणि सगुणा लहान झाली, राईहून लहान, धुळीच्या कणाहून लहान, आणि ऐनाच्या पानात शिरली. आत खोल्याच खोल्या! एकीला एक लागून लाखो खोल्या, आणि प्रत्येक खोलीत हिरवे हिरवे मणी उन्हाचा स्वयंपाक करत होते. "या खोल्यांना पेशी म्हणतात," परी म्हणाली. "तुझ्यातही आहेत, फक्त वेगळ्या तऱ्हेच्या." मग त्या एका वाळक्या पानात गेल्या. खोल्या होत्या, पण आत सगळं सामसूम. शेवटी एका दगडात डोकावल्या, तर तिथे खोल्याच नाहीत.

"जाळातही नसणार," सगुणा मोठी होता होता म्हणाली. "आता मला या कोशाच्या आतलं दिसू दे."

कोसा काचेसारखा स्वच्छ झाला. सगुणाने पाहिलं आणि तिला रडूच आलं. आत अळी नव्हतीच. एक तपकिरी, गप्प गोळा होता. पण डोळे पुसून ती पुन्हा बघू लागली. त्या गोळ्याच्या कडेला बारीक बारीक भोकं होती, श्वास घ्यायची. पंखांच्या चिमुकल्या घड्या होत्या. आणि पाठीवरून गेलेली एक नळी हलली. थांबली. बऱ्याच वेळाने पुन्हा हलली.

"हे हृदय आहे का गं? किती हळू!"

इतक्यात उन्हाचा एक कवडसा कोशावर पडला, आणि ती नळी भरभर हलू लागली. सगुणा बघतच राहिली. "म्हणजे मीच त्यांना गारव्यात ठेवलं," ती हळूच म्हणाली. "म्हणून ती मागे पडली. चूक माझीच आहे." आणि ती घराकडे धावत सुटली.

घरी मायने कामं लवकर उरकून पाणी चुलीवर ठेवलंही होतं. पाणी खदखदत होतं आणि एकोणपन्नास कोशांची टोपली मायच्या हातात होती.

"माय, नको टाकू. आत हृदय चालतंय."

"पोरी, उन्हात फिरून आलीस वाटतं," माय थकून म्हणाली.

"एकच मागणं उरलंय," मागोमाग उडत आलेली परी सगुणाच्या कानात कुजबुजली. "रांजणभर तांदूळही मागता येतील तुला." सगुणाचं पोट कालपासून रिकामं होतं, आणि तिला भात हवा होता, खूप हवा होता. पण टोपली पातेल्यावर कलत होती.

"मला दिसलं ते मायला दिसू दे," ती म्हणाली.

टोपलीतले कोसे एकेक करून उजळले, सोनेरी, गुलाबी, मधाळ. मायला आतल्या घड्या दिसल्या, हळूहळू धडधडणाऱ्या नळ्या दिसल्या. चार कोसे काळेच राहिले, ते खरंच मेले होते. परी त्या उजेडात वर वर गेली, चारही आरसे एकदम झळाळले, आणि उजेड विझला तेव्हा ती कुठेच नव्हती.

मायने टोपली खाली ठेवली आणि पातेलं उतरवलं. "मी काय करायला निघाले होते गं," म्हणत तिने सगुणाला जवळ ओढलं.

माळ पुन्हा ओवून दोघींनी ती पडवीत टांगली, उबदार भिंतीपाशी. सहाव्या दिवशी दिवेलागणीला पहिलं पाखरू निघालं, ओलं, चुरगळलेल्या पंखांचं. मग रोज निघत राहिली. त्यांनी अंडी घातली, सूपभर.

मायने एक अंडं तळहातावर घेतलं. "न हलतं, न खातं," ती म्हणाली आणि थबकली. "सगुणा, यात असेल का गं जीव?"

"मला नाही माहीत. बघू या ना."

दोघी रोज सुपाशी बसू लागल्या. पुढे त्या अळ्यांनी इतके कोसे दिले की घरात दोन्ही वेळा भात शिजू लागला. पण माय शेजारणींना सांगते ते भाताबद्दल नसतं, तळहातावरच्या त्या अंड्याबद्दल असतं. नवव्या दिवशी त्या अंड्याला आतून भोक पडलं आणि मोहरीएवढं काळं डोकं बाहेर आलं, ते आधी मायने पाहिलं, आणि तिने धावत जाऊन सगुणाला ओढतच सुपाशी आणलं.