खुंटीवरचा कप

जानूशेटच्या हॉटेलात दोन मित्र रोज चहा प्यायचे. निंबा आत बाकावर बसायचा आणि सोपान बाहेर पायरीवर. सोपान महारवाड्यातला, म्हणून त्याचा कप बाहेरच्या खुंटीला टांगलेला असे. चहा प्यायचा, कप आपणच विसळायचा आणि परत टांगायचा. दोघे एकाच डोहात पोहायला शिकले होते. निंबाशेजारी बसून एकदा तरी चहा प्यावा, एवढीच सोपानची आस होती.

पुढे अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला. तक्रार गेली आणि मामलेदार चौकशीला आले. जानूशेटने आतबाहेरचे सगळे कप आधीच नवे आणून ठेवले होते.

"साहेब, कायद्यापुढे सगळे सारखे! चहा तोच, कपही एकाच पेटीतले. फरक दाखवा, हॉटेल बंद करतो."

मामलेदारांनी आतला आणि बाहेरचा कप निरखला. फरक नव्हता. ते टोपी उचलून निघाले.

तेवढ्यात सोपान उठला. खुंटीवरचा आपला कप घेऊन तो आत गेला, आतल्या कपांच्या घमेल्यात त्याने तो सोडला आणि सगळे कप हाताने ढवळले.

"अरे, काय केलंस हे!" जानूशेट किंचाळला. "तुझा कुठला? काढ तो बाहेर!"

"मला तर ओळखू येत नाही, शेट. तुम्हाला फरक माहीत असेल, तर साहेबांना दाखवा."

जानूशेटचा हात घमेल्यावरच थांबला. मामलेदारांनी टोपी खाली ठेवली.

निंबा बाकावर सरकला. दोन चहा आले. सोपान नुसता कपाकडे बघत राहिला.

"पी की रे, निवतोय."

"निवू दे," सोपान म्हणाला. "लवकर संपायला नको."