शिवणयंत्राचं खोबरेल

सांगा बरं मंडळी, विश्वास कुणावर ठेवावा, सुवासिक सोबत्यावर की घासलेटासारखा वास येणाऱ्यावर?

फार मागे तुळशीराम शिंप्याचं शिवणयंत्र याच पेचात पडलं होतं. फळीवर दोन बाटल्या होत्या. मशीनचं तेल म्हणालं, "मी पातळ आहे. सांध्यात शिरेन आणि गप्प बसेन."

खोबरेल हसलं. "यंत्रराव, याच्या वासानं गिऱ्हाईक पळेल. मला तर लोक डोक्यावर घेतात."

यंत्राला ते पटलं. त्यानं तुळशीरामकडून खोबरेलच घालून घेतलं, आणि दिवाळीपर्यंत ते सुरेख चाललंही.

मार्गशीर्षातल्या एका गारठलेल्या सकाळी नवरीची चोळी अर्धी शिवून झाली आणि यंत्र अडलं. मांडवातून दोनदा निरोप आला.

"खोबरेलदादा, चाक हलेना."

सांध्यात थिजलेलं खोबरेल म्हणालं, "ऊन वर येऊ दे, मग बघू."

"आणि मुहूर्त?"

"तो तुमचा विषय."

तुळशीरामनं यंत्र शेगडीशी धरून खोबरेल पुसून काढलं आणि मशीनचं तेल सोडलं. ते सांध्यात शिरलं आणि गप्प बसलं. अक्षता पडायच्या आत चोळी पोचली.

पुढे कुणी दोन्ही तेलांबद्दल विचारलं, तर यंत्र म्हणायचं, "वास मात्र खोबरेलाचाच."

तेही खरंच. तुम्ही हिशेब मांडाल तेव्हा वास वासाच्या खाती लिहा आणि काम कामाच्या, एवढीच विनंती.