पाखरखडपावरची येसू

फार फार मागे, आपल्या आजोबांच्या आजोबांनीही नुसतं ऐकलेलं, तेव्हा खाडीच्या तोंडाशी येसू नावाची गाबतीण राहायची. तिचा घोव धाकू एकदा मासेमारीला गेला, तो आलाच नाही. सगळ्यांनी आशा सोडली. येसूने सोडली नाही. ती म्हणाली, "माका खडपार न्हेवन सोडा. थयसून लांबचा दिसता."

समुद्रातल्या त्या उघड्या खडकावर, पाखरखडपावर, दर चैत्रात हजारो सुरय उतरत. काळ्या टोपीची, दुभंगल्या शेपटीची पाखरं. घरटं नाही, काडी नाही, दगडावरच अंडं. असं म्हणतात, येसू तिथे राहिली तेव्हा भेगेतून गोडं पाणी पाझरलं.

ती दिवसभर बघायची. एक पाखरू अंड्यावर सावली धरून बसे, दुसरं दूर समुद्रावर जाई. चोचीत मासा घेऊन परते आणि हजारांच्या कालव्यात आपल्या जोडीदाराचा आवाज बरोबर ओळखे. येसूचे डोळे भरून येत.

त्या साली मासळी आटली. मासेमाऱ्यांचा म्होरक्या विठू तांडेल होड्या आणि टोपल्या घेऊन अंडी न्यायला आला. येसू आडवी उभी राहिली.

"येशे, बाजूक हो. पोरां उपाशी आसत."

"गेलेलो परत येतलो म्हणान ती अंड्यार बसली हा. अंडी न्हेल्यात तर तो येवन कोणाक साद घालतलो?"

विठूने हातातली टोपली खाली ठेवली. मग तीच हळू म्हणाली, "माशे मी दाखयतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाखरं लांबवर एकाच जागी घिरट्या घालून पाण्यात सूर मारू लागली. येसूने तिकडे पदर हलवला. होड्या त्या दिशेने गेल्या, आणि असं म्हणतात, जाळी ओढताना माणसांचे हात सोलले, एवढी मासळी लागली. त्यानंतर अंड्यांना कोणी हात लावला नाही.

येसू म्हातारी झाली. एका ज्येष्ठात पिल्लं उडून गेली, त्या संध्याकाळी तिने नेहमीसारखी धाकूला साद घातली. किनाऱ्यावरच्यांनी ती ऐकली. आणि असं म्हणतात, समुद्रातून उत्तर आलं, "इलंय गो." सकाळी खडपावर कोणी नव्हतं.

आजही चैत्र ते ज्येष्ठ तिथे होडी लागत नाही. पण ज्या घरचा माणूस समुद्रातून परतत नाही, त्या घरच्या बाईला एकदा खडपाजवळून नेतात. वल्ही थांबवतात. ती त्याचं नाव घेऊन साद घालते. मग सगळे समुद्राकडे कान लावतात, आणि ती "चला" म्हणेपर्यंत कोणी वल्ह्याला हात लावत नाही.