कढईतली अठरा वर्षं

नाशिकच्या एका कारखान्यातली स्वस्त व्हिस्की बावीस वर्षं इंदुमती कडलग आपल्या हातांनी मिसळत होत्या. ती चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला मालकांनी चवतज्ज्ञ रायरीकरांना बोलावलं. त्यांनी घोट घेतला आणि इंदुमतींच्या पायाशी थुंकला. "हमालांचं पाणी!"

इंदुमतींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दुसरा, गडद सोनेरी पेला पुढे केला. रायरीकरांनी तो डोळे मिटून संपवला. "वा! अठरा वर्षं पिंपात मुरलेली. विलायतीच!"

"पिंप कसलं, कढई!" इंदुमती कडाडल्या. "थुंकलात तीच ही व्हिस्की. रंगापुरती जळकी साखर घातलीय. तुमची अठरा वर्षं मी सकाळी अठरा मिनिटांत जाळली. सांगा आता मालकांना, हमालांचं पाणी थेंबही न ठेवता प्यालात म्हणून!"