बेहड्याच्या ढोलीचे दार

एका राज्यात, जिथे पाखरे बोलत आणि त्याचे कुणाला नवल वाटत नसे, रणधवल नावाचा राजा होता. त्याचा एक रिवाज होता. दर माघात विजयाच्या दिवशी तो सोन्याच्या गदेने एका तुरुंगाचे दार स्वतः फोडी आणि बंदिवानांना सोडून देई. प्रजा जयजयकार करी, राजाची छाती फुगे. होता होता राज्यातले तुरुंग संपले. राजाची हौस मात्र संपेना.

त्या माघात तो गदा घेऊन अरण्यात शिरला. एका जुन्या बेहड्याच्या खोडात चिखलाने लिंपलेली ढोली दिसली. फटीतून पिवळी चोच तेवढी बाहेर आलेली. "कुणा निर्दयाने हिला चिणले!" असे गरजून राजा खोडावर चढला आणि एका घावात त्याने भिंत पाडली.

आत धनेशाची मादी होती. पिलासाठी तिने स्वतःच आतून दार लिंपून घेतले होते, उडायची पिसेही गाळून टाकली होती. भिंतीबरोबर ती खाली आली आणि तिच्यामागून अंडे. अंडे फुटले.

तेवढ्यात डोक्यावर पंखांची घरघर झाली. काळेपांढरे पंख, चोचीवर पिवळ्या शिंगाचा मुकुट, गळा उंबरांनी भरलेला, असा नर उतरला. त्याचे नाव हेमचूड.

राजा म्हणाला, "पक्षिराज, आम्ही हिला सोडवले."

"माझ्या घरातून?" हेमचूड म्हणाला. गळ्यातले एकेक उंबर त्याने आधी मादीपुढे ठेवले, मग मान वर केली. "राजा, तुझ्या महालाचे एकही दार लागणार नाही. तुझे मूलही जन्मणार नाही. ही ढोली पुन्हा आतून लिंपली जाईपर्यंत हे असेच राहील."

राणी मंजुघोषेला तेव्हा दुसरा महिना होता. नऊ भरले, दहा सरले, चौदावा लागला. राजमहालाचे हाल काय सांगावेत! मांजरे खजिन्यात निजत, परदेशचे वकील थेट शेजघरात येऊन मुजरा करीत. राणीला कळा येत आणि विरून जात. तिचा चेहरा पाहून राजाला अन्न गोड लागेना.

एके सकाळी राणी म्हणाली, "महाराज, जन्मभर दारे फोडलीत. आता एक बांधून या. आणि गदा इथेच ठेवा."

माघ पुन्हा आला होता. मादीला नवी पिसे फुटली होती, जोडी बेहड्यावर परतली होती, पण मादी ढोलीत पाऊल ठेवीना. राजाने मुकुट काढून हात जोडले. हेमचूड म्हणाला, "माती आण."

ओढ्याकाठची माती बोलकी होती. "कुणासाठी?" तिने विचारले. "राणीसाठी," राजा म्हणाला. मातीची वाळू झाली. "राज्यासाठी." पुन्हा वाळू. राजाला रडू आले. "मी मोडलेल्या घरासाठी," तो म्हणाला, आणि ओंजळ ओल्या चिकणमातीने भरली.

"आता उंबरे आण," हेमचूड म्हणाला. उंबराच्या मुळाशी शापित रत्नांची रास होती. हात लावलेले सात राजपुत्र तिथेच दगड होऊन बसले होते. राजाने त्यांना नमस्कार केला, मुकुटात फळे भरली, आणि दिवसभराचा उपाशी असूनही एक तोंडात टाकले नाही.

"तिसरे काम अवघड आहे," हेमचूड म्हणाला. "काहीच करू नकोस."

मादी आत गेली. चोचीच्या पात्याने थापून थापून तिने दार लिंपायला घेतले. फट बोटाएवढी उरली तशी आतून तिची आर्त हाक आली. राजाचे हात शिवशिवले. एक बुक्की मारली असती तर ओली भिंत सहज कोसळली असती. त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि उभा राहिला. हाक थांबली. फटीतून चोच बाहेर आली. हेमचूडने तीत उंबर ठेवले, मग दुसरे, मग तिसरे.

"पाहिलेस, राजा?" तो मान ताठ करून म्हणाला. "पिलू बाहेर येईपर्यंत मी असाच येईन. आमच्या कुळात या दाराशी कुणी रिकाम्या गळ्याने आलेला नाही."

राजाने त्याला वाकून मुजरा केला. उरलेली मूठभर उंबरे हेमचूडने त्यालाच दिली. "घरी ने," तो म्हणाला.

राजा महालात पोचला तर सगळी दारे लागलेली! बाळंतघराचेही, आणि तेही आतून.

प्रधान धावत आला. "महाराज, दार उघडवू?"

"खबरदार!" राजा म्हणाला.

मुकुटाला चिखल, पायांत काटे, हातात उंबरे, असा तो दारापाशी उभा राहिला. कुठल्याही विजयाच्या दिवशी इतक्या ताठ मानेने तो उभा राहिला नव्हता. पुढे त्या सोन्याच्या गदेची त्याने कडी घडवली, याच दाराला आतून लावायची. पण ते पुढे. तूर्त आत एक तान्हे रडले, खणखणीत. मग दार बोटभर किलकिले झाले आणि राणीचा हात बाहेर आला.

"महाराज, भूक लागली आहे."

राजाने तिच्या तळहातावर एक उंबर ठेवले.